दुधात नाही, पाण्यात

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात दोन गोष्टी येणार होत्या: टँकर आणि जिल्हा. टँकर निदान नवव्या-दहाव्या दिवशी यायचा. जिल्हा मी इथं नोकरीला लागले तेव्हापासून येतो आहे, आणि मी निवृत्त होऊन घरी बसले तरी तो अजून वाटेतच आहे. लातूरहून कर्नाटकाच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. अधिवेशन जवळ आलं की इथं बातमी उठते, आता घोषणा होणार. मग दोन-चार दुकानदार पाटीवर गावाच्या नावापुढं ‘नियोजित जिल्हा’ असं रंगवून घेतात. पुढं उन्हानं त्यातलं ‘नियोजित’ तेवढं आधी पुसट होतं.

मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल होते. माझ्या भिंतीला भिंत लागून जिल्हा निर्मिती समितीचे अध्यक्ष राहत. मोंढ्यात अडतीचं दुकान, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की माइक समोर ठेवला तर माइकलाच अवघडल्यासारखं व्हावं. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आणि आपल्या गावालाही पाण्याचा काहीतरी समारंभ हवा असं अध्यक्षांना वाटलं. त्यांनी टँकरचं उद्घाटन ठेवलं. टँकरला झेंडूचे हार घातले, पुढं नारळ ठेवला, आणि पाहुण्यांना यायला दीड तास उशीर झाला. तेवढा वेळ टँकरच्या खालच्या तोटीतून बारीक धार गळत राहिली. बायका घागरी घेऊन पुढं सरकल्या तर एक कार्यकर्ता म्हणाला, “थांबा हो, उद्घाटन व्हायचंय.” एका म्हातारीनं त्या धारेखाली घागर सरकवली, ती भरली, डोक्यावर घेतली आणि निघून गेली. त्या दिवशी जे काही उद्घाटन झालं ते तिनंच केलं, असं माझं मत आहे.

अध्यक्षांच्या अंगणातली बोअर एका नामांकित पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून दाखवलेल्या जागी घेतली होती. सहाशे फुटांपर्यंत गेली, आणि त्या जानेवारीत तिनं मान टाकली. माझ्या बोअरची जागा कुणी दाखवली नव्हती. बोअरची गाडी गल्लीत जिथवर शिरली तिथं आम्ही भोक पाडलं. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं, आणि त्या उन्हाळ्यातही रोज सकाळी अर्धा-पाऊण तास मोटर चालेल इतकं ते टिकून होतं. एके दिवशी अध्यक्षांची बायको भिंतीपाशी आली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही.

“मॅडम, आमची बोअर मेली,” अक्का म्हणाल्या. घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज.

“भिंतीवरून पाइप टाका. सकाळची वीस मिनिटं तुमची.”

“तुमचे उपकार—”

“पाइप टाका, अक्का.”

पाइप टाकला. तेव्हापासून माझ्या बोअरचं पाणी रोज सकाळी अक्कांच्या टाकीत जाऊ लागलं आणि दर सोमवारी अक्कांच्या घरून माझ्याकडे एक ताटली येऊ लागली. कधी शेंगाची चटणी, कधी धपाटे, सणाला पुरणपोळी. अक्कांचं माहेर बिदरकडचं, त्यामुळं त्या पुरणपोळीला होळगी म्हणत. ती इतकी पातळ असे की ताटलीचं नक्षीकाम तिच्यातून दिसायचं.

इथं एक रीत सांगायला हवी. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत देऊ नये. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध, अक्कांचं घर शिवाचं, पण ही रीत दोन्हीकडे सारखीच पक्की. फरक पडायचा तो भांड्यात काय ठेवायचं यात. दहा वर्षांपूर्वी मी या गल्लीत घर घेतलं, तेव्हा अक्कांची पहिली ताटली परत देताना तिच्यात मी शिरा ठेवला होता. अक्का दारातच म्हणाल्या, “अय्य, कशाला तरास घेतलात? मूठभर साखर टाकली आसती तरी झालं आसतं.” मी ग्रंथपाल, भिंतीवरच्या सूचना वाचायची सवय असलेली बाई. मला सूचना कळली. तेव्हापासून त्या ताटलीतून साखर जाऊ लागली. कधी अर्धापूरची केळी, कधी नारळ, कधी बंद पुड्यातली बिस्किटं. जे माझ्या हातानं मळलेलं नाही, माझ्या चुलीवर शिजलेलं नाही, ते सगळं चालायचं. याबद्दल दोघींनी कधी चकार शब्द काढला नाही. संबंध उत्तम होते. असले उत्तम संबंध मी आयुष्यभर बघत आले आहे.

आता बन. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. त्या हिवाळ्यात तिच्या ऑफिसनं तिला दहा दिवस हाँगकाँगला पाठवलं होतं. परत येताना तिनं तिथल्या बेकरीतला एक खोका आणला. विमान, पुणे आणि मग रात्रभराची ट्रॅव्हल्स करून तो खोका माझ्यापर्यंत आला तेव्हा आतले आठ बन चेंगरून एकमेकांत गुंतले होते. लांबट, वरून तांबूस, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा. आत खोबरं, साखर आणि लोणी, जवळजवळ आपल्या करंजीचं सारण. दोन दिवसांचा शिळा बन, पण बोटानं दाबला की हळूहळू वर यायचा, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा. मुलीनं सांगितलं की तिकडे हे सारण म्हणे आदल्या दिवशीचे उरलेले बन कुस्करून करायला सुरुवात झाली. शिळ्या भाकरीचा कुस्करा खाऊन वाढलेल्या माणसाला अशी मंडळी परकी वाटत नाहीत. मी तीन बन खाल्ले आणि म्हणाले, “हे मला करायचेत.”

“आई, पाणी नाही, लाइट नाही आणि तुला बन करायचेत?”

“भाकरीला लागतं तेवढंच पाणी लागेल ना?”

मुलीनं व्हिडिओ पाठवले. ते बघून कळलं की मऊपणाचं सगळं गुपित एका खळीत आहे. थोडा मैदा पाचपट पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहायचा. चमच्यानं ओढलेली रेघ भांड्याच्या बुडाशी क्षणभर तशीच राहिली की उतरवायची. ही गार झालेली खळ बाकीच्या पिठात मिसळायची. ती पाणी धरून ठेवते, म्हणून बन चार दिवस कोरडा पडत नाही. हे बघून मला हसू आलं, कारण ही खळ गावात सगळीकडे होती. अध्यक्षांचे कार्यकर्ते रोज बादलीभर शिजवायचे आणि तिनं भिंतीभिंतीवर ‘जिल्हा आमच्या हक्काचा’ चिकटवायचे. शेळ्या ती पोस्टरं मोठ्या आवडीनं खात.

यीस्ट नांदेडहून मागवलं. नांदेडला मी चार वर्षं शिकले; तिथल्या एका जुन्या बेकरीवाल्यानं पुडी बांधून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. पहिले बन दगड झाले, कारण उन्हात आलेल्या एसटीत यीस्ट गतप्राण झालं होतं. नवी पुडी रात्रीच्या एसटीनं मागवली, तर दुसरे आंबले. व्हिडिओतली बाई म्हणायची, पीठ दीड तास झाकून ठेवा. ती बहुधा एसीत बसून सांगत होती. माझ्या स्वयंपाकघरात त्रेचाळीस डिग्री होतं; पीठ अर्ध्या तासात फुगून परातीबाहेर डोकावायचं आणि तासाभरात ताडीसारखा वास मारायचं. शेवटी मी पहाटे पाचला मळायला लागले आणि परात माठाच्या ओल्या फडक्याशेजारी ठेवू लागले. लाइट सातला जायची. त्याआधी छोट्या ओव्हनमध्ये बन भाजून झाले पाहिजेत, असा सगळा शर्यतीचा मामला. पाचव्या-सहाव्या खेपेला बन मांजराच्या पोटासारखा झाला.

आणि तोवर पाइपाला दीड महिना झाला होता. सकाळी कॉक सोडताना माझ्या मनात रोज एकच विचार यायचा. अक्कांच्या घरातली भाकरी आता माझ्या पाण्यात मळली जाते. वरण माझ्या पाण्यात शिजतं. अध्यक्ष सकाळी पूजेला बसतात तेव्हा तांब्यातलं पाणीही माझंच असतं. आणि माझ्या घरून जाते साखर.

पाडव्याला होळगीची ताटली आली. ती परत देताना मी तिच्यात चार बन ठेवले. अक्कांना अंडं चालत नाही हा त्यांचा खाण्याचा नेम आहे आणि तो मला मान्य आहे, म्हणून अंडं घातलंच नव्हतं. वरून चकाकी यायला साखरेचं पाणी लावलं होतं. नाही म्हणायला जागा म्हणून मी फक्त माझे हात शिल्लक ठेवले होते.

“ह्ये काय?” अक्कांनी विचारलं.

“बन. घरी केलेत. अंडं नाही त्यांत.”

“बरं बरं.” त्यांनी ताटली घेतली, पण दुसऱ्याचं ओलं बाळ घ्यावं तशी, अंगापासून लांब धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉक सोडायला भिंतीपाशी गेले. तिथून त्यांच्या गाईची गव्हाण दिसते. गव्हाणीत कडब्यावर माझे चार बन होते. तीन आणि एक अर्धा खरं तर, कारण गाय खात होती.

माझी आई कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. लहानपणी ती विहिरीच्या कडेला घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेपर्यंत. कुणी ओतलं नाही तर उन्हात तशीच. हे सांगताना आई कधी रडली नाही. ती फक्त ओतणाऱ्या एका बाईची नक्कल करायची, नाकाला पदर लावून हात लांब करण्याची, आणि आम्ही भावंडं हसून लोळायचो. त्या सकाळी माझा हात कॉकवर होता. तो न फिरवणं फार सोपं होतं. मग आईनं नक्कल माझीसुद्धा केली असती. मी कॉक सोडला आणि वीस मिनिटं पुरती होईपर्यंत तिथंच उभी राहिले. बन मात्र मी आता थांबवणार नव्हते.

सोमवारी अक्का भिंतीशी आल्या तेव्हा मी विचारलं, “गाईला आवडले का बन?”

अक्का गडबडल्या नाहीत. ती बाई गडबडणारी नव्हती. “गाईच्या पोटी घातलं तर पुण्यच की, मॅडम.”

“पुण्य तुमचं की माझं?”

“दोघींचं.”

“गाय बरी, तिचं कुणाच्या हातचं अडत नाही.”

अक्कांनी पदर सारखा केला. “तुम्ही शिकलेल्या बाई. मी कशाला खोटं बोलू? माझ्या मनात तुमच्याबद्दल काही न्हाई. पण आमच्यात चालत न्हाई.”

“पाणी चालतं.”

“पाणी भुईतलं हाय. बन तुम्ही मळलाय.”

निदान दहा वर्षांनी का होईना, वाक्य बोललं गेलं. मला उगीच हलकं वाटलं. अक्कांच्या बैठकीत ज्या संताची तसबीर आहे त्यांनी कित्येक शतकांपूर्वी याच गोष्टीवरून आपल्या गावाशी वैर घेतलं होतं, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण तसबिरीला रोज हार घालणाऱ्या माणसाला तसबिरीतल्या माणसाबद्दल सांगणं सहसा फळत नाही.

मग अक्काच गोड आवाजात म्हणाल्या, “एक करा की. दुधात मळा. आमची आज्जी परवासाला निघाली की दुधातल्या दशम्या न्यायची. पाण्याची भाकरी बाटती, दुधाच्या दशमीला काही होत न्हाई. दुधात मळलं की मग कुणीबी मळू दे, चालतंय.”

ही त्यांनी मनापासून काढलेली वाट होती. त्यांना खरंच वाटलं की त्या मला मदत करत आहेत. आणि दुष्काळात दूध पाण्याहून सहज मिळत होतं, हेही खरं. माझ्या मुलीला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, “आई, मग घाल ना दूध. चवीलाही बरं लागतं. तिकडेही कितीतरी जण खळ दुधातच करतात.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मी पाण्यातच करणार.”

“त्यांनी खावं म्हणून करतेस ना?”

“त्यांनी पाण्यातला खावा म्हणून करते.”

मुलगी माझीच. म्हणाली, “बरं. मग मैदा चांगल्या कंपनीचा घे.” तिनं पुण्याहून दुधाच्या पावडरीचा डबा आणून दिला होता, बनात घालतात म्हणून. तो मी उघडलासुद्धा नाही, कपाटात पुस्तकांमागे ठेवून दिला. दुधातला बन अधिक चविष्ट लागतो, हे मी आजही कबूल करते. पण मला चवीचं भांडण भांडायचं नव्हतं.

पुढचे चार सोमवार असेच गेले. अक्कांची ताटली यायची. परत जाताना तिच्यात चार बन असायचे, पाण्यात मळलेले, आणि सकाळी ते गव्हाणीत दिसायचे. अक्का ताटली पाठवणं बंद करू शकल्या असत्या. पण पाणी घ्यायचं आणि ताटली पाठवायची नाही हे त्यांच्या मानात बसत नव्हतं. मी साखरेवर परत येऊ शकले असते. ते माझ्या मानात बसत नव्हतं. या दोन मानी बायांमध्ये गाय मात्र सुखात होती. गावातल्या बाकीच्या गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि ही खोबऱ्याचं सारण खात होती.

याच सुमाराला समितीनं तहसीलसमोर साखळी उपोषण सुरू केलं. साखळी उपोषण म्हणजे रोज काही मंडळींनी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मांडवात गाद्यांवर बसायचं आणि काही खायचं नाही. घरून पोटभर जेवून निघालेल्या माणसाला हे फारसं जड जात नाही. कॉलेजात मी तीस वर्षं तेच करत होते, फक्त हार कुणी घातले नाहीत. पाचव्या सोमवारी पाळी अध्यक्षांची होती. सकाळी वाजतगाजत गेले. ताटली मी त्याच सकाळी परत दिली होती.

दुपारी दोन-सव्वादोनला मी भिंतीलगतच्या खोलीत पुस्तक घेऊन पडले होते. उन्हाळ्याची सुटी, बाहेर चिटपाखरू नाही. शेजारी मागचं दार वाजलं आणि अध्यक्षांचा आवाज आला. ते कुजबुजत होते, पण त्यांची कुजबूजही सभेतल्या भाषणाएवढी.

“पाच मिनिटं. लघवीला म्हणून आलोय. काही हाय का?”

“आवो, उपोषण हाय ना?”

“ह्ये काय हाय?”

मी पुस्तक छातीवर ठेवलं.

“अगं, लई मऊ हाय की. कुठल्या बेकरीचं? नांदेडचं का?”

पलीकडे एक भांडं उगीच सरकलं. मग अक्कांचा बारीक आवाज, “हाव.”

“आजून हाय का?”

तीन बन त्यांनी खाल्ले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी गव्हाणीत एकच होता. संध्याकाळी पाचला अध्यक्षांनी मांडवात मोसंबीचा रस घेऊन उपोषण सोडलं. त्याचा फोटोही निघाला.

बेकरीचा पाव कोण मळतं, कुणाच्या हातानं, कसल्या पाण्यात, हे अध्यक्षांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही. नांदेडला शिकत असताना महिनाअखेरीला मी गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवायचे. पंगतीत शेजारी कोण बसलंय आणि रोट्या कुणी लाटल्यात, हे तिथं कुणी विचारलं नाही. पण तिथं तसा नेमच आहे. बेकरीच्या पावाला असला कुठला नेम नाही. त्याच्या बाबतीत फक्त डोळे मिटायचे असतात.

मंगळवारी सकाळी मी पहाटेच परात मांडून बसले होते, खळ आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवली होती. पाचलाच अक्का दारात.

“मॅडम, काल तुम्ही घरी होतात?”

“होते.”

“दुपारी बी?”

“दुपारीही.”

“मग ऐकलंच आसंल.”

“अध्यक्षांचा आवाज मोठा आहे, अक्का.”

अक्का उंबऱ्याच्या आत आल्या. दहा वर्षांत त्या माझ्या बैठकीच्या पुढं आल्या नव्हत्या. त्या दिवशी थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. “उपोषणाचं कुणापाशी बोलू नका.”

“उपोषणाचं माझ्या पोटात राहील. पण ते बन नांदेडच्या बेकरीचे नव्हते, एवढं त्यांना तुम्ही सांगायचं.”

“रात्रीपासनं पुन्हा मागून राहिले. म्हणले, नांदेडहून कुणी येत आसंल तर दोन डझन सांग.” अक्का कपाळाला हात लावून पाटावर बसल्या. माझ्या पाटावर. “मी काय करू, सांगा.”

“खरं सांगा.”

“खाल्लंय की वो त्यांनी! आता काय ओकायला लावू?” मग त्यांनी परातीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “एक करते. मी मळते. तुम्ही निस्तं सांगत जा. मग मी केलेलं म्हणून सांगते, खोटं बी न्हाई.”

“पाण्यात?”

“पाण्यात तर पाण्यात. तुमचं एवढं मन हाय तर.”

अक्का पुन्हा एक वाट काढून बसल्या होत्या. मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या बाईचे हात पिठात कसे चालतात हे मला बघायचंही होतं. त्यांनी बांगड्या मागं सारल्या, परातीत मैदा, साखर, यीस्ट, सगळं मी सांगेन तसं घेतलं.

“ह्यी खळ कशाला? पोस्टर चिकटवायचंय का?”

“तीच तर मुख्य. ती घातली की बन मऊ होतो.”

त्यांनी वाटी परातीत उपडी केली आणि मळायला घेतलं. मी दोन महिने जे पीठ ओट्यावर आपटून आपटून मळत होते ते त्यांच्या हातात दहा मिनिटांत रेशमासारखं झालं. होळगीची कणीक मळलेला हात तो. पीठ बोटांना चिकटत होतं आणि त्या त्याला चिकटू देत होत्या, घाई न करता.

मी बघत उभी होते आणि मला चैन पडेना. ती खळ मी शिजवली होती. माझ्या भांड्यात, माझ्या गॅसवर, माझ्या हातानं. अक्कांना ते ठाऊक असायला हवं होतं, पण खळ त्यांच्या लेखी पोस्टरची वस्तू, ती कुणी शिजवली हे मनातच आलं नसावं. मी गप्प बसले असते तर त्यांनी बन खाल्ला असता आणि मी मनातल्या मनात जिंकले असते. अध्यक्षांना जसा खाऊ घातला गेला तसाच. कुणी नकळत खाल्लेला बन मला नको होता.

“अक्का,” मी म्हणाले, “ती खळ काल मी शिजवलीय.”

त्यांचे हात थांबले. मनगटापर्यंत पिठात.

“मग आधी सांगायचं न्हाई का?”

“आता सांगितलं.”

“हात घातल्यावर?”

“खाण्याच्या आधी.”

अक्का परातीकडे बघत राहिल्या. “काढता येती का ती आता?”

“नाही. एकदा मिसळली की निघत नाही.”

“आन् मी आता उठून हात धुतले, घरी जाऊन डोक्यावरनं आंघूळ केली, तर?”

मी भिंतीकडे पाहिलं. आंघोळीचं पाणी कुठल्या पाइपातून येणार हे त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. आधी कपाळावर आठी आली, मग ओठाचा एक कोपरा हलला.

“लई हट्टी बाई हाव तुम्ही.”

“हाव.”

“दूध घातलं आसतं तर काय बिघडलं आसतं?”

“काही नाही. म्हणूनच घातलं नाही.”

अक्कांनी सुस्कारा टाकला आणि पुन्हा मळायला सुरुवात केली. आधीपेक्षा जरा जोरात.

सातच्या आत भाजून व्हायला हवं होतं म्हणून पुढचं सगळं धावपळीत झालं. पीठ फुगल्याबरोबर सारण भरलं, लांबट वळले, वरून मैदा-लोण्याच्या दोन रेघा ओढायला मी अक्कांना पुडीचा कोन दिला. त्यांनी एका बनावर दोन रेघा ओढल्या, मान कलती करून पाहिलं आणि तिसरी ओढली. “आता विभूती झाली,” म्हणाल्या. लाइट गेली तेव्हा बन होत आले होते. बंद ओव्हनच्या धगीवर बाकीचं झालं. अक्कांनी त्यातला एक उचलला, फुंकर घातली, आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या खाल्ला. पूर्ण.

“गोड जरा कमी हाय,” त्या म्हणाल्या.

मी आभार मानले नाहीत. का मानायचे?

त्या चार बन घेऊन गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, मुद्दाम मोठा काढलेला. “नांदेडचे न्हाईत. शेजारच्या मॅडमचे हायत. कालचे बी त्यांचेच होते. खायचे तर खा.” अध्यक्ष गप्प. जनभावनेवर तासभर बोलणाऱ्या माणसाची एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग आवाज आला, “चारच हायत का?”

तरी मी स्वतःला फसवत नव्हते. त्या बनात त्यांचे हात होते. मळलं त्यांनी, रेघा त्यांच्या, वाट त्यांनी काढलेली. माझ्या एकटीच्या हातचं अजून त्या घरात कुणी जाणूनबुजून खाल्लेलं नव्हतं. आणि ताटली त्यांची होती. नियम असा की आधी त्यांनी पाठवायची आणि मग मी परत करायची. माझं भांडं आपणहून त्या घरात कधीच गेलं नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला मी पहाटे चारला उठले. माझी सुटी, माझा सण. खळ पाण्यात शिजवली, पीठ पाण्यात मळलं, एकटीनं. रेघा दोनच ओढल्या. घरातली स्टीलची ताटली घेतली, जिच्या काठावर माझ्या आईचं नाव कोरलेलं आहे, तिच्यात सहा बन ठेवले आणि अक्कांच्या दारात गेले. ताटली त्यांच्याकडून आलेली नव्हती, त्यामुळं परत करण्याचं निमित्त नव्हतं.

“आज आमचा सण,” मी म्हणाले. “सगळं मी केलंय. पाण्यात.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. कोरलेलं नाव वाचलं. मग दोन्ही हातांनी ताटली घेतली आणि आत गेल्या. मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर भिंतीपाशी गेले. उगीच इकडंतिकडं बघितलं आणि मगच गव्हाणीकडे. गव्हाणीत नुसता कडबा होता. गाय माझ्याकडे टक लावून पाहत होती, महिनाभराची सवय मोडलेल्या प्राण्यासारखी, आणि तिच्या नजरेत माझ्याबद्दल काही चांगलं नव्हतं.

मी कॉक सोडला.